हाड जुळले, पण मूठ वळत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यात घरगुती पोळी-भाजीचा व्यवसाय करणाऱ्या ५६ वर्षांच्या एका वाचक भगिनी लिहितात की, नऊ आठवड्यांपूर्वी ओल्या अंगणात पाय घसरून त्या उजव्या हातावर पडल्या आणि मनगटाजवळचे हाड मोडले. शस्त्रक्रिया न करता हाड बसवून सहा आठवडे प्लास्टर ठेवले गेले. ते काढून तीन आठवडे झाले असून एक्स-रे पाहून डॉक्टरांनी हाड जुळल्याचे सांगितले आहे. तरीही बोटे सुजलेली आहेत, मूठ पूर्ण वळत नाही, देवळात तीर्थ घेण्यासाठी तळहात वर होत नाही, करंगळीच्या बाजूला मनगट दुखते आणि रात्री अंगठ्याला व त्यालगतच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. मुलगा आणि सून त्यांना कशालाही हात लावू देत नाहीत. मुलाने दाबण्यासाठी स्पंजचा चेंडू आणून दिला आहे. फिजिओथेरपीसाठी त्या दोनदा गेल्या, तेव्हा शेक देऊन आणि विजेचे यंत्र लावून त्यांना घरी पाठवण्यात आले, म्हणून तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. आता नणंद त्यांना शेजारच्या गावातील हाडवैद्याकडे नेऊन हात ‘मोकळा’ करून घ्यावा, असा आग्रह धरत आहेत. त्या विचारतात, जावे का? आणि दिवसाला दीडशे पोळ्या लाटणारा हात परत मिळेल का?

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पत्रातील खरी काळजी तीच आहे. अशा दुखापतीनंतर बहुतेक जणींचा हात कामाचा होतो, आणि नऊ आठवडे हा त्या वाटेवरचा सुरुवातीचा टप्पा आहे. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पदरात पडतो, पुढे वर्षभर ती हळूहळू चालू राहते आणि पकडीतली ताकद सर्वांत शेवटी येते. मनगट मागेपुढे वाकण्यात थोडी कसर कायमची राहू शकते. पण निरोगी मनगट दोन्ही दिशांना सुमारे ७० ते ८० अंश वाकत असले, तरी रोजच्या बहुतेक कामांना सुमारे ४० अंश पुढे आणि ४० अंश मागे एवढी हालचाल पुरते. पोळी लाटण्यासाठी परिपूर्ण मनगट लागत नाही. न सुजलेली बोटे, न दुखणारी पकड आणि थोडा दम लागतो.

हाडवैद्याकडे हात ओढून किंवा पिळून घेण्यासाठी जाऊ नका. त्याचे कारण सांगण्याआधी मात्र पत्रातल्या एका गृहीतकाकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. तुम्ही, तुमच्या नणंद आणि काही अंशी तुमच्यावर उपचार करणारेही असे धरून चालले आहेत की हात ‘आखडला’ आहे, म्हणजे एकच काहीतरी झाले आहे आणि ते जोर लावून सोडवायचे आहे. आखडणे हे निदान नसून ती तक्रार आहे. हात नेमका कोठे आणि कशाने अडला आहे, हे शोधल्याशिवाय केलेला व्यायाम अंधारात केल्यासारखा होतो.

तुमच्या वर्णनावरून मोडले ते बहुधा अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड, मनगटाच्या अगदी लगत. पडताना पुढे केलेल्या तळहातावर भार आला की नेमके हेच हाड मोडते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला ८१ वर्षे अवकाश होता. हाताचा आकार पाहून आणि बोटांनी चाचपून त्यांनी ते ओळखले. आज आपल्याकडे एक्स-रे आहे, आणि त्यामुळे एक नवीच गफलत होते: चित्रात हाड जुळलेले दिसले की हात बरा झाला, असे सर्वांनाच वाटते. त्या चित्रात बोटे हलवणाऱ्या कंडरा, म्हणजे बोलीभाषेत आपण ज्यांना शिरा म्हणतो त्या, दिसत नाहीत; सांध्यांभोवतीची आवरणे दिसत नाहीत आणि सहा आठवडे बोटांत साचून राहिलेला द्रवही दिसत नाही. हा द्रव साधे पाणी नसतो. त्यातील प्रथिनांमुळे तो घट्ट होत जातो आणि ज्या पापुद्र्यांनी एकमेकांवरून सरकायचे, ते एकमेकांना चिकटू लागतात. तुमचे प्लास्टर बोटांच्या मधल्या पेरापर्यंत होते आणि हात अजिबात हलवायचा नाही असे तुम्हाला सांगितले होते, हे वाचून तुमच्या ताठरपणाचे फारसे आश्चर्य वाटले नाही. असे प्लास्टर सहसा तळहातावरील बोटांलगतच्या आडव्या रेषेच्या अलीकडे थांबावे, म्हणजे मूठ वळवता येते. ज्या वाचकांच्या हाताला आज प्लास्टर आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवावा. झोळीत अडकवून ठेवलेला खांदाही आखडतो. तुम्ही त्याविषयी लिहिलेले नाही, पण दोन्ही हात कानाला लागतील असे वर जातात का, हे एकदा पाहून घ्या.

आता अडथळा कोठे आहे ते पाहू. आधी तुमच्या चांगल्या, डाव्या हाताकडे बघा. मनगट सैल सोडून खाली झुकू द्या: बोटे आपोआप उघडतात. मनगट मागे उचला: बोटे आपोआप मिटू लागतात. बोटांच्या कंडरा मनगटावरून जात असल्यामुळे मनगट आणि बोटे असे एकमेकांशी बांधलेले आहेत, आणि म्हणूनच मनगट पुढे झुकलेले असताना कोणाचीही मूठ घट्ट वळत नाही. उजव्या हातावर हेच तपासायचे. डाव्या हाताने उजवे बोट हळुवार वाकवून पाहावे. मनगट मागे असताना बोट बरेच वाकते पण मनगट पुढे झुकवल्यावर अडते, तर हाताच्या पाठीवरच्या कंडरा ताठ झालेल्या किंवा चिकटलेल्या असण्याची शक्यता आहे. मनगट कसेही ठेवले तरी बोट त्याच जागी अडत असेल, तर अडथळा त्या सांध्यातच असावा. आणि दुसऱ्या हाताने पूर्ण वाकणारे बोट स्वतःहून वाकत नसेल, तर तळहाताकडच्या कंडरा सरकत नाहीत किंवा स्नायू अशक्त झाले आहेत, असे समजावे. तीन वेगळी कारणे, तीन वेगळे उपचार. बाहेरून दिसणारी तक्रार मात्र एकच, मूठ वळत नाही. ही तपासणी घरी ढोबळपणे कळते, पण तिचा निर्णय जाणकाराने हात हातात घेऊनच करायला हवा.

तळहात वर न होणे ही वेगळी गोष्ट आहे. ती फिरकी कोपर ते मनगट या भागातील दोन हाडांच्या वरच्या व खालच्या जोडांतून येते आणि मनगटाजवळचा खालचा जोड मोडलेल्या जागेच्या अगदी शेजारी असतो. करंगळीच्या बाजूचे दुखणेही बहुधा त्याच परिसरातील आहे. पडताना तेथील अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) आणि कूर्चा (हाडांमधली मऊ गादी) ताणली जाणे नेहमीचेच असते आणि ते बऱ्याचदा काही महिन्यांत निवते. मात्र हात फिरवताना तेथे खट्ट होत असेल किंवा हाड वरखाली सरकल्यासारखे वाटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना ते मुद्दाम दाखवा.

तीन गोष्टींबाबत थांबू नका. पहिली, रात्रीच्या मुंग्या. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची संवेदना ज्या मज्जातंतूकडे आहे, तो मनगटातील एका अरुंद बोगद्यातून जातो. सूज किंवा हाडाचा बदललेला आकार तेथे त्याला दाबू शकतो. येत्या आठवड्यात हे डॉक्टरांच्या कानावर घाला आणि बधिरपणा दिवसभर टिकू लागला किंवा अंगठ्याची ताकद गेली, तर आठवडाही वाट पाहू नका. तोवर झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट: तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा छताकडे उचलून पाहा. अंगठा मागे ताणणारी कंडरा या अस्थिभंगानंतर काही आठवड्यांनी, विशेषतः हाड फारसे न सरकलेल्या रुग्णांमध्ये, झिजून तुटू शकते. ती तुटली असेल तर कोणताही व्यायाम अंगठा उचलणार नाही, त्यासाठी हाताचा शल्यविशारदच गाठावा लागेल. तिसरी, सर्वांत गंभीर: हाताला सतत आग होत असेल, पदराचा स्पर्शही सोसवत नसेल, दुसऱ्या हाताच्या तुलनेत त्वचेचा रंग, उष्णता किंवा घाम वेगळा जाणवत असेल, तर मज्जासंस्थेच्या बिघडलेल्या प्रतिसादाचा एक वेदनाविकार सुरू झालेला असू शकतो आणि त्यावर लवकर उपचार सुरू होणे फार महत्त्वाचे असते. तुम्ही आग होण्याविषयी लिहिलेले नाही, हे चांगले लक्षण आहे, तरीही पत्रावरून मी ही शक्यता पुसून टाकू शकत नाही.

आता नणंदबाईंच्या आग्रहाविषयी. त्यांची माया खरी आहे, आणि गावोगावच्या हाडवैद्यांवर लोकांचा जो विश्वास आहे तोही अकारण उभा राहिलेला नाही. दवाखाना दूर असताना तेच जवळ होते. पण तुमचा हात आज सुजलेला आहे, तेथील मज्जातंतू दबलेला असण्याची शक्यता आहे आणि जुळलेले हाड अजून पुरते घट्ट झालेले नाही. अशा हाताला एका बैठकीत जोराने मोकळे केले तर चिकटलेले धागे सुटत नाहीत, फाटतात. फाटले की पुन्हा सूज, पुन्हा चिकटणे, आणि आठवड्याभरात हात पूर्वीपेक्षा ताठ. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांचा आग्रह हाच होता की, ताठरलेल्या ऊतींना हिसका देऊ नये, त्यांच्यावर सौम्य ताण दीर्घकाळ ठेवावा, म्हणजे त्या स्वतःच वाढून लांब होतात. हात बरे करण्याचे काम करणाऱ्या आम्हा सर्वांची रीत आजही त्याच विचारावर उभी आहे. नणंदबाईंना तेल लावायचेच असेल तर जरूर लावू द्या. प्लास्टरखाली कोरडी पडलेली त्वचा त्याने मऊ होईल. फक्त हात उशीवर उंच ठेवून, बोटांच्या टोकांकडून कोपराकडे, हलक्या हाताने. त्या दिशेने चोळल्यास सूज उतरायलाही मदत होते.

चेंडू मात्र सध्या बाजूला ठेवा. घरोघरी हाच उपाय सुचवला जातो आणि मला त्याची चिंता वाटते, कारण तुम्हाला बोटांची टोके तळहाताला टेकवायची आहेत आणि चेंडू नेमका त्यांच्या मध्ये येतो. शिवाय दबलेल्या मज्जातंतूवर जोराच्या, पुन्हापुन्हा दाबण्याने आणखी भार पडतो. आधी हालचाल, मग ताकद, हा क्रम पाळा.

फिजिओथेरपीचा तुम्हाला उपयोग वाटला नाही, कारण तुम्हाला तिचा छोटासाच भाग मिळाला. शेक आणि विजेचे यंत्र वेदना थोडी कमी करू शकतात, पण सांधा त्यांनी हलत नाही. पुन्हा जाल तेव्हा एकच कसोटी लावा: तुमचा हात मोजला गेला का? मनगटाचे अंश कोनमापकाने, बोटांच्या टोकांपासून तळहातापर्यंत राहिलेले अंतर पट्टीने, सूज हाताभोवती आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेल्या टेपने आणि पुढे पकड दाबमापकाने मोजून लिहून ठेवली, तर दोन आठवड्यांनी उपचार बदलायचा की तोच ठेवायचा हे कळेल. मी स्वतः फिजिओथेरपीच्या व्यवसायातील असूनही हे सांगणे मला कर्तव्य वाटते की, गुंतागुंत नसलेल्या अस्थिभंगानंतर रोज दवाखान्याच्या फेऱ्या घालाव्या लागतातच असे नाही. नीट शिकवलेला घरचा व्यायाम अनेकांना पुरतो. तुमच्या बाबतीत सूज आणि मुंग्या असल्यामुळे निदान सुरुवातीचे काही आठवडे कोणाची तरी नजर हवी. बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीचा विभाग असतो. खासगी ठिकाणी जाताना उपचार करणाऱ्याची राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच करू नका. व्यवसायोपचारतज्ज्ञही (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे) हातावर उत्तम काम करतात.

घरी करायचे ते असे, आणि दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा पाच-सहा वेळा दहा मिनिटे करणे कितीतरी चांगले. आधी हात हृदयापेक्षा उंच ठेवून त्यावर कोमट ओला टॉवेल गुंडाळा. गरम पाण्याच्या पातेल्यात हात लोंबता बुडवला तर सूज वाढते. मग बोटे सरळ, नंतर फक्त पुढची दोन पेरे दुमडून आकड्यासारखी, नंतर मुळाशी काटकोनात दुमडून टेबलासारखी, आणि शेवटी जमेल तेवढी मूठ, असे दहा वेळा सावकाश करा. प्रत्येक आकारात कंडरा वेगळ्या अंतराने सरकतात, म्हणून एकही गाळू नका. मनगट मागे उचलताना हलकी मूठ मिटलेली ठेवा. बोटे ताठ करून मनगट उचलण्याची खोड जवळजवळ सर्वांना लागते. त्यात बोटांच्या कंडरा मनगटाचे काम करतात आणि मनगटाचे स्वतःचे स्नायू झोपलेलेच राहतात, मग वस्तू धरायला बोटे मिटली की मनगट खाली पडते. तळहात वर करताना कोपर काटकोनात वाकवून फासळ्यांना चिकटवा, नाहीतर खांदा फसवतो. डॉक्टरांनी ताण द्यायला परवानगी दिल्यावर याच व्यायामासाठी तुमचे लाटणे हातात घ्या: आधी मधोमध धरा, आठवड्यागणिक एका टोकाकडे सरका, म्हणजे त्याच्या वजनानेच हात अलगद फिरतो. मनगट मागे नेण्यासाठी छातीसमोर नमस्कार करून दोन्ही हात हळूहळू खाली न्यावेत आणि अर्धा मिनिट थांबावे, हाही परवानगीनंतरचा भाग.

किती दुखलेले चालते, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी तो मनात असणारच. ताण जाणवावा, थोडे ठणकावे, पण अर्ध्या-पाऊण तासात ते निवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटे आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेली दिसली, तर तुम्ही व्यायाम जास्त केलात असे समजून निम्म्यावर या. बंद मात्र करू नका.

मुलाला आणि सुनेला माझ्या वतीने सांगा की त्यांनी हातातून काढून घेतलेली हलकी कामे हाच तुमचा अर्धा उपचार आहे. मटार सोलणे, मेथी निवडणे, ब्लाउजचे हूक लावणे, रुमालाच्या घड्या घालणे, रिकामी वाटी उचलणे हे आजपासून सुरू व्हावे. भरलेला कुकर, पाण्याची कळशी आणि विशेषतः कणीक मळणे हे नंतरचे, कारण मळताना सगळ्या शरीराचा भार मागे वाकलेल्या मनगटावर येतो. साधारण बाराव्या आठवड्यानंतर आणि डॉक्टरांच्या होकारानेच त्याचा विचार करा. लाटणे त्याआधी जमेल. सुनेने मळलेल्या सैल कणकेचे दोन-तीन छोटे फुलके, मग दर दोन दिवसांनी एखाद-दुसरा वाढवत. दीडशेचा आकडा या दिवाळीपूर्वी मनात आणू नका, आणि पहिल्या मोठ्या ऑर्डरी परत घेताना लाटायला दुसरे कोणी सोबत ठेवा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनी यातील व्यायाम आपल्या दुखऱ्या मनगटाला जसेच्या तसे लावू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुचाकीवरून पडलेल्या तरुणाला अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे निर्दोष असूनही मनगटातील स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडलेले असू शकते. त्याच्या एका भागाला रक्त दूरच्या टोकाकडून मिळते, त्यामुळे दुर्लक्ष झाल्यास तो तुकडा मरतो. तेथे प्रथम पट्टी आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय हाच मार्ग. चेंडू लागून बोटाचे टोक लोंबकळू लागले असेल, तर सहा ते आठ आठवडे ते सलग सरळ बांधावे लागते, आणि मध्येच एकदा जरी वाकवले तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आईच्या अंगठ्याकडील दुखण्याला विश्रांती आणि अंगठ्याचा आधारपट्टा लागतो, ताण देणारा व्यायाम सुरुवातीला तेथे दुखणे वाढवतो.

ताई, शेवटी तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट. उभ्या उंचीवरून पडून, पाळी गेल्यानंतरच्या वयात मनगट मोडणे, ही हाडे ठिसूळ होऊ लागल्याची अनेकदा पहिली सूचना असते. पुढची दुखापत खुब्याची किंवा मणक्याची असू शकते, आणि ती टाळण्यासाठी आजचा काळ हाताशी आहे. मुंग्यांसाठी डॉक्टरांकडे जाल, त्याच भेटीत हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीविषयी आणि रक्तातील ड जीवनसत्त्वाविषयी विचारा, आणि त्या ओल्या अंगणात धरायला एक कठडा बसवून घ्यायला मुलाला सांगा.